रूट न होता रूटचे काम : 'फेकरूट'ची ओळख

वरच्या वर्गांतली मुले संगणक कक्षात लिनक्सवर बसू लागली, की एक प्रश्न हमखास येतो : आम्हांला रूटचा पासवर्ड का मिळत नाही? काही पालकही विचारतात, की पूर्ण अधिकार न देता मुले शिकणार कशी? प्रश्न रास्त आहे. त्याचे चांगले उत्तर 'फेकरूट' नावाच्या एका लहानशा प्रोग्राममध्ये आहे, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर.

लिनक्समध्ये प्रत्येक फाइलला मालक असतो आणि संगणकाच्या दृष्टीने तो मालक म्हणजे एक क्रमांक. शून्य क्रमांकाचा वापरकर्ता म्हणजे रूट. फाइल दुसऱ्याच्या नावावर करून देणे सामान्य वापरकर्त्याला जमत नाही, रूटला जमते.

आता अडचण पाहा. १९९३ साली इयान मर्डॉक यांनी सुरू केलेल्या डेबियन या लिनक्स प्रणालीत प्रत्येक प्रोग्राम एका पॅकेजमधून येतो. सी-डॅकच्या चेन्नई केंद्राने २००७ साली आणलेली आपली 'बॉस' प्रणाली डेबियनवरच बेतलेली आहे. शाळांसाठी तिचे 'एज्युबॉस' हे रूपही निघाले. समजा, एखाद्या मुलीला मराठी फॉन्टचे असे पॅकेज तयार करायचे आहे. पॅकेजमध्ये प्रत्येक फाइलपुढे मालक नोंदलेला असतो. तिथे तिचा स्वतःचा क्रमांक, समजा १००१, गेला तर पंचाईत होते. दुसऱ्या संगणकावर १००१ हा कोणी भलताच माणूस असतो आणि त्याला त्या फाइली बदलण्याचा हक्क आयता मिळतो. म्हणून मालक रूट असायला हवा. पण रूटच्या नावावर फाइल करण्याचा अधिकार तिच्याकडे नाही!

सोपा मार्ग म्हणजे रूट होऊनच पॅकेज बांधायचे. तो धोक्याचा आहे. बांधणीच्या आज्ञांमध्ये जुन्या फाइली पुसण्याच्या आज्ञाही असतात. एका ओळीत फोल्डरचे नाव चुकून रिकामे राहिले, तर साध्या वापरकर्त्याचे स्वतःचे घर तेवढे जाते. रूटच्या हातून सगळे गाव जाते. योस्ट विटेवीन यांनी १९९७ मध्ये लिहिलेला फेकरूट ही अडचण दूर करतो.

कसा, ते पाहू. कोणताही प्रोग्राम फाइलचे काम सहसा थेट कर्नेलला, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याला, सांगत नाही. तो 'लिबसी' या सामायिक लायब्ररीतल्या फंक्शनला हाक मारतो आणि ते फंक्शन कर्नेलकडे विनंती नेते. प्रोग्राम सुरू होताना या लायब्ररी जोडणारा 'लोडर' असतो. त्याला 'एलडी प्रीलोड' या सोयीने सांगता येते, की अमुक लायब्ररी सर्वांत आधी जोड. एकाच नावाचे फंक्शन दोन ठिकाणी असले, तर आधी जोडलेले चालते. फेकरूट आपली लायब्ररी अशी मध्ये बसवतो.

मग प्रोग्रामने विचारले, "मी कोण?" तर उत्तर येते, "शून्य." प्रोग्राम म्हणाला, "ही फाइल रूटच्या नावावर कर," तर कर्नेलने नकार दिला तरी फेकरूट "झाले" असे कळवतो आणि 'फेक्ड' नावाच्या सोबतच्या प्रोग्रामकडे नोंद पाठवतो. हा फेक्ड म्हणजे दुकानाच्या मागे खातेवही घेऊन बसलेला मुनीमजी. पुढे कोणी त्या फाइलचा मालक विचारला, की बाकीची माहिती खरी दिली जाते, फक्त मालकाचा रकाना मुनीमजींच्या वहीतून भरला जातो. पॅकेज बांधणारा प्रोग्राम तेच वाचून 'रूट' असे लिहून घेतो. मुनीमजी वेगळे का? कारण एका बांधणीत शेकडो लहान प्रोग्राम सुरू होतात आणि संपतात. मालक बदलणारा एक, पॅकेज भरणारा दुसरा. वही दोघांच्या बाहेर असेल तरच हिशेब जुळतो.

मुलांना हे भारी आवडते. फेकरूट सुरू करून 'मी कोण' विचारले, की पडद्यावर 'रूट' येते आणि चेहरे उजळतात. मग कोणीतरी पासवर्डांची फाइल उघडायला जाते आणि परवानगी नाकारली जाते. बरोबरच आहे. गणेशोत्सवाच्या नाटकातल्या राजाने हुकूम सोडला तर रंगमंचावरचे सैनिक धावतात, रोशनपुरा चौकातला वाहतूक पोलीस जागचा हलत नाही. फसते ते फेकरूटच्या आत चालणारे प्रोग्रामच. कर्नेल फसत नाही. जे प्रोग्राम सगळ्या लायब्ररी पोटातच घेऊन येतात, म्हणजे 'स्टॅटिक' असतात, त्यांच्यावर तर ही युक्ती चालतच नाही.

हे हॅकिंग आहे का, असे पालक विचारतील. फेकरूट नव्हे, त्याने कोणताही जादा अधिकार मिळत नाही. मात्र हीच युक्ती वाईट कामालाही वापरतात. २०२२ मध्ये उघडकीस आलेला 'सिम्बायोट' हा लिनक्सवरचा घातक प्रोग्राम एलडी प्रीलोडच्याच वाटेने इतर प्रोग्रामांमध्ये शिरून स्वतःच्या फाइली लपवत असे. सगळ्यांच्या प्रोग्रामांमध्ये अशी लायब्ररी घुसवायची तर रूटचा अधिकार लागतो. पासवर्ड मुलांच्या हाती न देण्याचे आमचे हेही एक कारण. त्यांच्या हुशारीवर अविश्वास मुळीच नाही. एका संगणकावर दिवसभरात अनेक वर्गांची मुले बसतात, एवढेच.

डेबियनने अलीकडच्या काळात मालक 'रूट' नोंदण्याची सोय बांधणीच्या साधनांमध्येच करून दिली आहे, त्यामुळे पुष्कळ पॅकेजांना आता फेकरूट लागत नाही. समजून घ्यायला मात्र तो फार सुरेख आहे. नववी-दहावीच्या मुलांनी फेकरूटमध्ये शिरून एक रिकामी फाइल तयार करावी, तिचा मालक पाहावा, मग बाहेर येऊन तोच मालक पुन्हा पाहावा. दोन्ही उत्तरे वहीत लिहून पुढच्या तासाला आणावीत.