वाऱ्याचे वर्षासन

कलावंतास आश्रय कोणी द्यावा, हा प्रश्न आपल्या संस्थानी मुलखात एके काळी कोणाला पडत नसे, कारण त्याचे उत्तर दरबारात होते. बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या अमदानीत ‘कलावंत कारखाना’ हे स्वतंत्र खाते होते, आणि १८८६ साली मौलाबक्षांच्या हाती गायनशाळाही सोपविली गेली. कोल्हापुरास शाहू महाराजांनी अल्लादियाखाँसाहेबांना आश्रय दिला. लहान संस्थानांची ऐपत लहान, पण रीत तीच. दरबारी गवयाच्या घरात वाढलेल्या माझ्यासारख्याने लहानपणापासून ऐकलेले मर्म एकच : वर्षासनाची रक्कम मोठी नसे, परंतु ती ठरलेली असे. पुढल्या साली चूल पेटेल की नाही, ही धास्ती नसली की गवई शिष्यास मोकळ्या मनाने शिकवितो.

८ मार्च १९४८ रोजी सांगली, मिरज, जमखंडी आदी दक्षिणी संस्थाने मुंबई राज्यात विलीन झाली, आणि तो अध्याय संपला. त्याबद्दल आता हळहळण्यात अर्थ नाही. दरबाराची मर्जी ही काही निर्भेळ सुखाची वस्तू नव्हती. पण रिकाम्या झालेल्या जागी काय आले, हे पाहणे मात्र अगत्याचे आहे.

हुबळीचेच पाहा. पेशवाईत जुनी हुबळी फडक्यांच्या कारभाराखाली, तर नवी हुबळी सांगलीकर पटवर्धनांकडे होती. जुनी १८१७ साली आणि नवी १८२० साली इंग्रजांकडे गेली. तेव्हा सांगलीकरांना हुबळी परकी नाही. तिच्याभोवतीचा मुलूखही आपल्या ओळखीचा : शिरहट्टी सांगलीचे, लक्ष्मेश्वर मिरजेचे, कुंदगोळ जमखंडीचे. त्याच कुंदगोळात सवाई गंधर्व राहिले. त्यांच्यापाशी शिकण्यासाठी गंगूबाई हनगल हुबळीहून आगगाडीने जात, आणि गदगचे भीमसेन जोशीही त्यांच्याच पायाशी बसले. गंगूबाई २००९ साली निवर्तल्या. एवढे मोठे गाणे ज्या मातीत उगवले, तेथे आज गाण्याचा आधार काय आहे?

मोठ्या कलावंतांच्या नावे सभागृहे होतात आणि उत्सवही होतात. ते व्हावेतच. पण जुन्या हुबळीसारख्या वस्तीत संगीताचा खरा भार उचलतात ती लहान मंडळे. सिद्धारूढ मठाच्या या परिसरात भजनाची परंपरा दांडगी. कुठे एखाद्या घरच्या माडीवर गायनाचा वर्ग, तर कुठे देवळाच्या ओवरीत तबल्याची शिकवणी. त्यांचा खर्च तो किती? जागेचे भाडे, पेटीचा सूर लावून घेणे, तबल्याची पुडी बदलणे, मिरजेहून तंबोऱ्याच्या तारा आणणे आणि शिकविणाऱ्यास चार पैसे. एवढ्याचीही दरसाल वर्गणी गोळा करताना चिटणीसाच्या चपला झिजतात.

आता गदगच्या पलीकडे कप्पतगुड्डाच्या डोंगररांगेकडे नजर टाकावी. गदग, मुंडरगी, शिरहट्टी या तालुक्यांत पसरलेली ही रांग वनौषधींसाठी प्रसिद्ध. २०१९ साली तिच्या मोठ्या भागास अभयारण्याचा दर्जा मिळाला. याच टापूत उंच पवनचक्क्यांची पाती फिरताना दिसतात. कर्नाटकात वाऱ्यावर वीज करण्याची क्षमता ५,००० मेगावॉटच्या वर गेली आहे. वारा गावाचा, डोंगर गावाचा. मग त्या विजेच्या उत्पन्नातून गावाच्या वाट्याला काय येते?

स्कॉटलंडात या प्रश्नाचे उत्तर सरळ हिशेबाने देतात. सरकारच्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे जमिनीवरील पवनचक्क्यांच्या मालकांनी स्थापित क्षमतेच्या दर मेगावॉटमागे वर्षाला ५,००० पौंड, म्हणजे पाच लाख रुपयांहून अधिक, आसपासच्या वस्तीला द्यावेत आणि महागाईबरोबर ती रक्कम वाढवावी. कायद्याची सक्ती नसूनही ही रीत तेथे रुजली आहे. या पैशातून गावची सभागृहे आणि लहान मंडळे चालतात. गिघा नावाच्या चिमुकल्या बेटावर तर लोकांनी स्वतःच्याच तीन पवनचक्क्या उभारल्या आणि लाडाने त्यांना ‘नाचऱ्या बाया’ म्हटले! वाऱ्यातही लय दिसणाऱ्या माणसांना आपण परके कसे म्हणावे?

आपल्याकडची वाट निराळी आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमाने मोठ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के समाजकार्यासाठी खर्चावे लागतात. १ एप्रिल २०१४ पासून ही तरतूद अमलात आहे. सातव्या परिशिष्टातील मान्य कामांत कला व संस्कृतीचे रक्षण स्पष्टपणे नमूद आहे, आणि कंपनीने आपल्या कार्यक्षेत्राच्या आसपासच्या भागास प्राधान्य द्यावे, असेही कायदा सांगतो. पण मेख पुढेच आहे. हिशेब मेगावॉटचा नसून नफ्याचा आहे. कंपनी कायद्याच्या मर्यादेत बसली नाही तर पाती कितीही फिरोत, देणे लागत नाही. शिवाय स्थानिक भागाचे प्राधान्य हे केवळ मार्गदर्शक, बंधनकारक नव्हे, असा खुलासा केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयानेच २०२१ साली केला.

मागणाऱ्याची अडचण आणखी वेगळी. कंपनीचा असा पैसा घ्यावयाचा तर संस्था नोंदलेली हवी, तिच्याजवळ आयकराच्या १२अ व ८०जी या सवलती हव्यात, तशाच कामाचा तीन वर्षांचा पूर्वानुभव हवा आणि एप्रिल २०२१ पासून मंत्रालयाकडे स्वतंत्र नोंदणीही हवी. ओवरीतल्या तबलजीने ही कागदपत्रे कोठून आणावीत? ज्यांच्यापाशी हिशेबनीस आहेत त्या बड्या संस्थांपर्यंतच पैसा पोचतो, तो असा.

यावर उपाय आहे, आणि तो फार अवघडही नाही. दहा-बारा मंडळांनी आपापली नावे व रीती राखून एक सामाईक विश्वस्त संस्था काढावी; कागदपत्रे एकीची आणि लाभ सर्वांचा. मागणी करताना एका रात्रीच्या जलशासाठी करू नये. कंपनीच्या मालाची जाहिरात व्हावी म्हणून दिलेले प्रायोजन या खर्चात धरलेच जात नाही. मागावे ते शिकवणीसाठी, वाद्यांसाठी, जुन्या गायकांच्या ध्वनिमुद्रणांच्या जतनासाठी. चालू प्रकल्प म्हणून मंजूर झालेले काम आरंभाचे वर्ष सोडून आणखी तीन वर्षे चालू शकते. ठरलेले वर्षासन म्हणतात ते याहून निराळे काय होते?

एक पथ्य मात्र पाळले पाहिजे. पहिला हक्क पात्यांच्या सावलीत राहणाऱ्यांचा. कप्पतगुड्डाच्या पायथ्याची खेडी आणि अंध मुलांना गाणे शिकविणारा, पंचाक्षरी गवईंनी उभारलेला व पुट्टराज गवईंनी २०१० पर्यंत सांभाळलेला गदगचा वीरेश्वर पुण्याश्रम यांना ओलांडून हुबळीने हात पुढे करणे शोभणार नाही. हुबळीच्या शिक्षकांनी आठवड्यातून एक दिवस त्या खेड्यांत शिकवावयास जावे आणि त्या कामासाठी मागावे. म्हणजे मागण्यातही देणे राहील.

कर्नाटक सरकारने स्कॉटलंडासारखा मेगावॉटमागे दर ठरविला तर उत्तमच. लोकप्रतिनिधींकडे तो आग्रह धरलाच पाहिजे. पण तोवर हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. दरबारात वशिला लागे. येथे अर्ज लागतो. तो नीट लिहिणारी माणसे हुबळीच्या आणि आपल्याकडच्या जुन्या मराठी घरांत पुष्कळ आहेत. निवृत्त कारकुनांनी, मास्तरांनी आणि वकिलांनी शेजारच्या भजनी मंडळाचे दप्तर महिन्यातून एक सायंकाळ नीट लावून दिले, तरी संगीताची ती मोठीच सेवा होईल.