दोन अक्षरांची काटकसर

पुणे जिल्ह्यातील कोणत्याही गावाचा कागदोपत्री उल्लेख ‘ता.’ या संक्षेपावाचून सहसा पुरा होत नाही. ‘शिवरे, ता. भोर, जि. पुणे’ असे लिहिले की ‘ता.’ म्हणजे तालुका, हे कोणी विचारीत नाही. त्याच कागदाच्या माथ्यावर ‘ता. ५’ असले की ती तारीख होते, आणि सहीखाली ‘ता. क.’ आले की ताजा कलम. शेजारचा शब्द अर्थ ठरवितो आणि वाचणारा बिनदिक्कत पुढे जातो.

परंतु हा संक्षेप दिसतो तितका क्षुल्लक नाही. लगतच्या पुरंदर तालुक्यात शिवरी नावाचे गाव आहे. शिवरे आणि शिवरी यांत अंतर एका स्वराचे, ‘जि. पुणे’ दोहोंना समान. लिहिणाऱ्याच्या हातून तेवढा स्वर चुकला, तर अर्ज भोरचा की सासवडचा, हे ‘ता.’पुढील नावच सांगू शकते.

‘पै.’ची गोष्ट याहून बिकट आहे. कुस्तीच्या फलकावर तो पैलवान असतो. मुसलमान गृहस्थाच्या नावाआधी पैगंबरवासी. हयात मल्लाची आणि दिवंगताची खूण एकच! हिशेबात तर तिचे मोलही बदलले. जुन्या ‘रु. आ. पै.’च्या रकान्यांत रुपयाच्या १९२ पै होत. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली आणि ‘पै.’ म्हणजे रुपयाचा शंभरावा भाग झाला. जुन्या खतावरील साल न पाहता पैला पैसा समजणारा तिचे मोल जवळजवळ दुप्पट धरतो.

संक्षेप हा मूलतः जाणत्यांमधील करार आहे. कारकून कारकुनाला लिहितो तोवर तो सोयीचा असतो. पण नोटीस, खरेदीखत वा वारसाचा अर्ज ज्याच्या हाती पडतो, तो या कराराचा भागीदार नसतो. नुकसान मात्र त्याचे होते. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ याने मराठीला राज्यकारभाराची भाषा ठरविले. तिचे फळ सामान्य माणसाच्या पदरात पडायचे, तर कागद मराठीत असणे पुरेसे नाही. तो त्याला दुसऱ्याकडे न नेता वाचता आला पाहिजे.

यासाठी नव्या कायद्याची गरज नाही. प्रत्येक कागदावर संक्षेप प्रथम येईल तेथे पुरा शब्द लिहावा, एवढा दंडक पुरे. ‘ता.’ऐवजी ‘तालुका’ लिहिण्यास दोन अक्षरे अधिक लागतात. कुणाच्या जमिनीचा प्रश्न असता तेवढी शाई खर्चण्यास हरकत नसावी.