लांबलचक शब्दाचा विग्रह

हिंजवडीलगतच्या मारुंजीत मुले-सुना कामावर गेल्या की रुग्णालयाचा कागद वाचण्याची वेळ पुष्कळदा घरातील ज्येष्ठांवरच येते. त्यावर ‘हायपोग्लायसेमिया’ दिसले तर दचकू नका. शाळेत समासाचा विग्रह करीत होतात, तसाच याचाही करा: हायपो, ग्लायस, एमिया. हायपो म्हणजे खाली, ग्लायस म्हणजे गोड, एमिया म्हणजे रक्तात. रक्तातील साखर उतरली आहे, एवढाच अर्थ.

‘हायपर’ असेल तर ती चढली आहे. दोन्ही उपसर्ग कानाला जुळ्यांसारखे, आणि फोनवर गल्लत ठरलेली. ग्रीक ‘हायपर’ आणि संस्कृत ‘उपरि’ एकाच मुळातून आले आहेत. उपरि म्हणजे वर, हे ध्यानात ठेवावे. (ॲनिमियात तर आपल्या नकारार्थी ‘अन्’चाच ग्रीक भाऊबंद बसला आहे!)

ही गल्लत महागात पडते. साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली आणि रुग्ण शुद्धीवर असेल, तर १५ ग्रॅम, म्हणजे तीन-चार लहान चमचे साखर पाण्यातून द्यावी. १५ मिनिटांनी पुन्हा मोजावी. चढलेली असताना तीच साखर त्रास वाढवते. रुग्ण बेशुद्ध असल्यास तोंडाने काहीही देऊ नये, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

कागद हाती येताच डॉक्टरांना विचारून त्या शब्दाखाली पेन्सिलीने ‘खाली’ किंवा ‘वर’ लिहून ठेवा.