जुन्या संगणकाला नवी दृष्टी : ग्राफिक्स कार्डाची निवड



आजचा विषय संगणकाच्या एका लहानशा भागाचा आहे. परंतु तो आपल्या घराघरांशी निगडित आहे. कचेऱ्यांतून निवृत्त झालेले आटोपशीर पेटीचे संगणक आपल्यापैकी कित्येकांनी अल्प किमतीत घेतले आहेत. आमच्या टूवूंबा येथील घरीही तसाच एक आहे. टूवूंबा हे ब्रिस्बेनपासून सुमारे 130 किलोमीटरवर, डोंगरमाथ्यावर वसलेले शहर. एकोणिसाव्या शतकात येथे सिनेगॉग होते. आज आम्हांस त्यासाठी ब्रिस्बेन गाठावे लागते. त्यामुळे आप्तेष्टांची भेट बहुधा पडद्यावरच घडते.

गतवर्षी वडील निवर्तले. त्यांनी म्हटलेल्या प्रार्थना आणि मलिद्याच्या वेळची त्यांची गाणी माझ्या भाच्याने फोनवर चित्रित करून ठेवली होती. वर्षदिनापूर्वी ती आईला मोठ्या पडद्यावर दाखवावयास बसलो, तर आवाज पुढे जाई आणि चित्र जागच्या जागी थिजे. आई म्हणाली, "ह्यांचा आवाज येतो रे, पण ओठ हलत नाहीत." त्या वाक्याने मी या शोधास लागलो.

पहिला धडा असा की, औषधापूर्वी रोगनिदान करावे. आमचा संगणक डेल ऑप्टिप्लेक्स 9020, म्हणजे 2013 च्या सुमाराचा, इंटेलच्या चौथ्या पिढीच्या प्रोसेसरचा. आजचे फोन बहुधा एचईव्हीसी नावाच्या पद्धतीने चित्रीकरण साठवतात. ती उलगडण्याची स्वतंत्र यंत्रणा त्या जुन्या प्रोसेसरात नाही. सारा भार त्याच्या सर्वसाधारण गणनशक्तीवर पडतो. चित्रफीत चालू असता टास्क मॅनेजर उघडले, तेव्हा प्रोसेसरचा वापर 100 टक्क्यांना टेकलेला दिसला. निदान झाले. मात्र संगणक सुरू होण्यासच विलंब लागत असेल, तर दोष बहुधा जुन्या हार्ड डिस्कचा. तेथे एसएसडी बसवावी, ग्राफिक्स कार्डाने काही साधणार नाही. आणि 4के पडदा जोडण्यापुरतीच अडचण असेल, तर या संगणकाचा डिस्प्लेपोर्ट 60 हर्ट्झने 4के चित्र देऊ शकतो. पडद्याला केवळ एचडीएमआय असल्यास योग्य 'ॲक्टिव्ह' ॲडाप्टर पुरेसा होतो.

दुसरी बाब मापाची. नेहमीच्या कार्डाची उंची सुमारे 11 सेंटिमीटर असते. अशा पेटीत सुमारे 7 सेंटिमीटर उंचीचे, 'लो प्रोफाइल' कार्डच बसते. शेजारी जागा नसल्यास ते एकाच स्लॉटच्या जाडीचे हवे. कार्डासोबत आखूड धातुपट्टी आहे की नाही, हेही विचारावे. वापरलेल्या कार्डांसोबत ती पुष्कळदा हरवलेली असते.

तिसरी बाब विजेची. आमच्या पेटीतील वीजपुरवठा 255 वॅटचा, आणि त्यात कार्डासाठी निराळी तार नाही. प्रमाणानुसार स्लॉटमधून जास्तीत जास्त 75 वॅट मिळतात. काही उत्पादक छोट्या संगणकांत ही मर्यादा आणखी कमी ठेवतात. म्हणून माहितीपुस्तिका पाहावी आणि शक्यतो 30 ते 50 वॅटचे कार्ड घ्यावे.

चौथी बाब नावाच्या फसगतीची. मी प्रथम एका विक्रेत्याकडून टपालाने जीटी 1030 मागवले. त्याच नावाची दोन कार्डे मिळतात हे मला ठाऊक नव्हते. जीडीडीआर5 स्मृतीच्या कार्डाचा वेग सेकंदाला 48 गिगाबाइट; डीडीआर4 च्या कार्डाचा जेमतेम 17. मला दुसरे मिळाले, तेही आखूड पट्टीविना. शिवाय त्या पिढीच्या कार्डांना 2025 च्या अखेरीपासून एनव्हिडियाकडून केवळ सुरक्षाविषयक सुधारणा मिळतात. मी ते परत पाठवले.

पर्याय तपासता असे दिसले : आरएक्स 6400 केवळ 53 वॅट घेते, पण ते पीसीआयई 4 च्या चारच मार्गिकांवर चालते, म्हणून जुन्या मदरबोर्डवर त्याची गती घटते, शिवाय संपादित चित्रफीत नव्याने साठवण्याची यंत्रणा त्यात नाही. इंटेल आर्क कार्डांना 'रिसायझेबल बार' ही सोय लागते, ती जुन्या संगणकांत सहसा नसते. खेळांसाठी 70 वॅटचे आरटीएक्स 3050 (6 जीबी) लो प्रोफाइल रूपात मिळते, पण ते बहुधा दोन स्लॉट व्यापते. आमच्या कामाला कचेरीसाठीच बनवलेले टी400 योग्य ठरले : 30 वॅट, एक स्लॉट, एचईव्हीसी उलगडण्याची क्षमता. त्याला मिनी डिस्प्लेपोर्टच असल्याने ॲडाप्टर निराळा घेतला. अधिक संपादन करणाऱ्यांनी 40 वॅटच्या टी600 चा विचार करावा.

बसवताना वीज पूर्ण तोडावी, पेटीच्या धातूला स्पर्श करून अंगातील स्थिर वीज उतरवावी, पंख्यावरील धूळ झाडावी आणि पडद्याची तार मदरबोर्डवरून काढून नव्या कार्डाला जोडावी. ही शेवटची गोष्ट विसरून कार्ड बिघडले असे समजणारे पुष्कळ. आणि हे काम शुक्रवारी दुपारी हाती घेऊ नये!

मर्यादाही सांगितली पाहिजे. विंडोज 10 चा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला, आणि इतक्या जुन्या प्रोसेसरला विंडोज 11 ची अधिकृत मान्यता नाही; कार्ड बदलून ती मिळत नाही. आम्ही त्यावर लिनक्स घातले आहे. नवे कार्ड आणि अन्य सुधारणा मिळून खर्च आठव्या पिढीच्या वापरलेल्या संगणकाइतका होत असेल, तर तोच घ्यावा.

अनुवादाच्या 20 व्या अध्यायात वेढा पडलेल्या नगराची फळझाडेही तोडू नयेत अशी आज्ञा आहे. आपल्या ज्ञानी पुरुषांनी तिच्यातूनच 'बाल तश्खीत', म्हणजे उपयोगी वस्तूचा व्यर्थ नाश न करणे, हा नियम विस्तारला. परंतु जतन करणे म्हणजे निकामी वस्तूवर पैसा ओतणे नव्हे. कोठे थांबावे हा विवेकही त्यात आलाच.

वर्षदिनाच्या मलिद्याला चित्रफीत लावली. वडिलांचे ओठ आवाजाबरोबर हलले. आई काही बोलली नाही, संपल्यावर एवढेच म्हणाली, "पुन्हा लाव."