जर्सीवरची तीन अक्षरे

१८ मार्च २०२३ च्या रात्री फातोर्ड्याच्या नेहरू स्टेडियमवर इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना रंगला. एका बाजूला कोलकात्याचा एटीके मोहन बागान, दुसऱ्या बाजूला बेंगळुरू एफसी. जादा वेळेनंतरही २-२ अशी बरोबरी राहिली आणि पेनल्टी शूटआउटमध्ये मोहन बागानने ४-३ अशी बाजी मारली. चषक कोलकात्याला गेला. पण मोहन बागानच्या पाठीराख्यांना त्या रात्री चषकाइतकाच, किंबहुना थोडा जास्तच, आनंद दुसऱ्या एका गोष्टीचा झाला. संघाचे मालक संजीव गोएंका यांनी सामन्यानंतर जाहीर केले की संघाच्या नावातली 'एटीके' ही अक्षरे पुढच्या हंगामापासून राहणार नाहीत.

ही तीन अक्षरे निघावीत म्हणून पाठीराखे जवळजवळ तीन वर्षे झगडत होते. संघ जिंकत होता, पैसा येत होता, चांगले खेळाडू येत होते. तरीही त्यांचे एकच म्हणणे होते : 'रिमूव्ह एटीके'. फलक लागले, निदर्शने झाली, समाजमाध्यमांवर हीच घोषणा रोज फिरत राहिली. बाहेरच्या माणसाला वाटावे, नावापुढची तीन अक्षरे ती काय आणि त्यासाठी एवढा आटापिटा कशाला?

या प्रश्नाचे उत्तर शोधावेसे आम्हाला वाटले, कारण हे प्रकरण सुरू झाले कोलकात्यात पण त्याचे दोन महत्त्वाचे प्रसंग घडले आपल्या गोव्यात. शिवाय संघाचे नाव, रंग आणि चिन्ह हरवणे म्हणजे काय, हे आपल्याला अगदीच अनोळखी नाही.

होडीचे चिन्ह

मोहन बागानची स्थापना १८८९ ची. २९ जुलै १९११ रोजी या संघाने आयएफए शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटचा २-१ असा पराभव केला. गोऱ्या पलटणीच्या संघाला हरवून ही ढाल जिंकणारा तो पहिला भारतीय संघ. बूट घातलेल्या प्रतिस्पर्ध्यांपुढे बागानचे बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले होते. २९ जुलै हा दिवस आजही 'मोहन बागान दिवस' म्हणून साजरा होतो.

या संघाचे रंग हिरवा आणि मरून, चिन्ह शीड उभारलेली होडी. बंगालीत तिला 'पाल तोला नौका' म्हणतात. गंमत म्हणजे ही होडी काही पहिल्या दिवसापासूनची नाही. आरंभी संघाच्या चिन्हात वाघ होता, होडी नंतर आली. म्हणजे चिन्ह कधी बदलूच नये असे पाठीराख्यांचेही म्हणणे नसते. होडी त्यांची झाली ती तिच्याबरोबर गेलेल्या पिढ्यांमुळे. आजोबांनी नातवाला खांद्यावर बसवून मैदान दाखवले तेव्हा झेंड्यावर हीच होडी होती. समोर ईस्ट बंगालचा लाल-सोनेरी झेंडा आणि मशाल. डर्बी जिंकली की बागानच्या घरात कोळंबी शिजायची, ईस्ट बंगालच्या घरात हिल्सा. माशावरून घराचा संघ ओळखावा, ही गोष्ट गोव्याच्या माणसाला समजावून सांगायला नको.

दोन संघ, एक जर्सी

२०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली तेव्हा कोलकात्याचा संघ म्हणून एक नवा संघ उभा राहिला : अॅटलेटिको दे कोलकाता. स्पेनच्या अॅटलेटिको माद्रिदची त्यात भागीदारी होती, म्हणून जर्सीवर त्या संघासारखे लाल-पांढरे पट्टे. २०१७ मध्ये ही भागीदारी संपली आणि नाव उरले नुसते 'एटीके'. या संघाने २०१४, २०१६ आणि २०१९-२० असे तीनदा विजेतेपद मिळवले. यश होते, पण मोहन बागानच्या पाठीराख्यांच्या दृष्टीने तो शहरातला दुसरा संघ होता. त्यांचा स्वतःचा संघ आय-लीगमध्ये खेळत होता आणि मार्च २०२० मध्ये त्याने ती स्पर्धा जिंकलीही.

त्याच वर्षी जानेवारीत एटीकेच्या मालक समूहाने मोहन बागानच्या फुटबॉल संघाचा ८० टक्के हिस्सा घेतला होता. जुलैत नवे नाव ठरले : एटीके मोहन बागान. हिरवा-मरून रंग राहिला, होडीही राहिली. मालकांना वाटले असेल, रंग ठेवला, चिन्ह ठेवले, आता तक्रारीला जागा कुठे?

तक्रार दोन गोष्टींची होती. पहिली म्हणजे होडीच्या चौकटीत आता 'एटीके' ही अक्षरेही होती, आणि ती एखाद्या साबणाची किंवा सिमेंटची जाहिरात नव्हती. ते कालपर्यंतच्या शेजारी संघाचे नाव होते. दुसरी गोष्ट मैदानावर दिसली. आय-लीग जिंकून देणारे प्रशिक्षक किबू विकुन्या केरळला गेले. नव्या संघाची धुरा आली एटीकेचे प्रशिक्षक अंतोनियो हबास यांच्याकडे आणि संघाचा कणाही एटीकेच्याच खेळाडूंचा राहिला. पाठीराख्यांना वाटले, आपला संघ मोडला आणि दुसऱ्या संघाने आपली जर्सी घातली.

आता यातला गोव्याचा पहिला प्रसंग. करोनामुळे २०२०-२१ चा संपूर्ण हंगाम गोव्यातच, प्रेक्षकांविना खेळवला गेला : फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोचे टिळक मैदान. सुपर लीगमधली पहिली कोलकाता डर्बी २७ नोव्हेंबर २०२० रोजी टिळक मैदानावर झाली. बागानने ती २-० अशी जिंकली. एरवी जी लढत पाहायला कोलकात्यात लाखभर माणसे जमली आहेत, ती आपल्या वास्कोत रिकाम्या खुर्च्यांपुढे झाली. पाठीराखे दीड-दोन हजार किलोमीटर दूर, घरात टीव्हीपुढे. मैदानात जाऊन ओरडता येत नाही, आणि पडद्यावर आपल्या संघाच्या नावापुढे दुसऱ्याच संघाची अक्षरे. ती किती बोचली असतील, याचा अंदाज करता येतो.

मग आधीची नावे कशी चालली?

इथे एक रास्त शंका येते. १९९८ पासून काही वर्षे हाच संघ 'मॅकडॉवेल मोहन बागान' या नावाने खेळला आणि ईस्ट बंगाल 'किंगफिशर ईस्ट बंगाल' झाला. दोन्ही नावे एकाच उद्योगसमूहाच्या मद्याची. तेव्हा नाके मुरडली गेली असतील, पण ते दिवस निघाले. मग एटीकेलाच एवढा विरोध का?

आमच्या मते फरक असा आहे. प्रायोजकाचे नाव हे भाडेकरूसारखे असते. तो येतो, भाडे देतो, एक दिवस जातो. घराच्या दारावरची पाटी त्याने बदललेली नसते. 'एटीके' मात्र भाडेकरू नव्हते. ते स्वतःचा इतिहास, स्वतःची तीन विजेतेपदे घेऊन आले होते आणि १८८९ च्या घरात पहिल्या पाटीवर बसले होते. त्या पाटीचा अर्थ असा होत होता की हे घर २०१४ मध्ये बांधले.

कार्डिफचा लाल रंग

असेच एक प्रकरण वेल्समधल्या कार्डिफ सिटी संघाचे. या संघाचा रंग निळा, चिन्हात निळा पक्षी, आणि लाडके नावही 'ब्लूबर्ड्स'. २०१२ मध्ये मालक व्हिन्सेंट टॅन यांनी घरच्या मैदानावरची जर्सी लाल केली. चिन्हात मोठा लाल ड्रॅगन आला आणि निळा पक्षी खाली कोपऱ्यात इवलासा उरला. ड्रॅगन वेल्सच्या राष्ट्रध्वजावरचा, म्हणजे परका नव्हे. शिवाय लाल जर्सी घालून पहिल्याच हंगामात संघ दुसऱ्या श्रेणीत अव्वल ठरला आणि प्रीमियर लीगमध्ये पोहोचला. तरी विरोध थांबला नाही. अखेर जानेवारी २०१५ मध्ये निळा रंग परत आला आणि पक्षी पुन्हा मोठा झाला.

कार्डिफ आणि कोलकाता यांची गोष्ट एकाच जागी येऊन मिळते. विजयाने नावाची भरपाई होत नाही. हरलेला संघ पुढच्या वर्षी जिंकू शकतो, म्हणून पाठीराखा पराभव सोसतो. पण जिंकणारा संघ आपला वाटेनासा झाला तर त्या विजयाचे करायचे काय? इंग्लंडमध्ये २०२५ साली झालेल्या फुटबॉल प्रशासन कायद्यात याची दखल आहे. घरच्या जर्सीचे मुख्य रंग किंवा चिन्ह बदलायचे तर बहुसंख्य पाठीराख्यांचा पाठिंबा आहे की नाही हे संघाला आधी पाहावे लागते. आपल्याकडे असा कायदा नाही. इथे घोषणा, फलक आणि चिकाटी एवढेच हाती असते.

आणि आपल्या गोव्यात?

२००६-०७ ते २०१२-१३ अशी सलग सात वर्षे देशाची साखळी स्पर्धा गोव्याच्या संघांनी जिंकली : धेंपो चार वेळा, चर्चिल ब्रदर्स दोनदा, साळगावकर एकदा. त्याआधीची धेंपो आणि साळगावकर यांची एकेक धरली तर एकूण नऊ विजेतेपदे. २०१६ मध्ये साळगावकर, स्पोर्टिंग क्लब द गोवा आणि धेंपो हे तिन्ही संघ आय-लीगमधून बाहेर पडले. सुपर लीगला वरची जागा देणारा नवा आराखडा त्यांना मान्य नव्हता. राष्ट्रीय पडद्यावर गोव्याची ओळख उरली ती मुख्यतः एफसी गोवा.

एफसी गोवाविषयी आम्हाला आकस नाही. चिन्हात गवा आहे, तो आपला राज्यप्राणी. आरंभी निळी असलेली जर्सी पुढे नारिंगी झाली आणि मुलांनी ती आपलीही केली. संघाच्या आरंभीच्या मालकांत धेंपो आणि साळगावकर या घराण्यांतलीच माणसे होती. म्हणूनच कदाचित इथे 'रिमूव्ह' अशी घोषणा कुणी दिली नाही. कुणी कुणाच्या घरावर पाटी लावली नव्हती. जुन्या घरांचे दिवेच मंदावले, आणि मंद होणाऱ्या दिव्याविरुद्ध मोर्चा काढता येत नाही.

इथे आणखी एक गोष्ट ध्यानात येते. 'धेंपो' आणि 'साळगावकर' ही नावेही मुळात उद्योगघराण्यांचीच. चाळीस-पन्नास वर्षे माणसे त्या नावांनी ओरडली, भांडली, पैजा हरली, तेव्हा ती नावे घराण्यांइतकीच गावांची झाली. या हिशेबाने मोहन बागानच्या नावामागे जून २०२३ पासून लागलेले 'सुपर जायंट' हे शेपूटही, जे मालकांच्या लखनौच्या क्रिकेट संघाच्या नावातूनच आले आहे, एखाद्या दिवशी कोलकात्याचे होईल. होणारही नाही. ते मालक ठरवू शकत नाहीत.

चिन्ह रेखाटायला चित्रकार पुरतो, नोंदवायला वकील पुरतो. त्याला अर्थ यायला मात्र गॅलरीत माणसे लागतात. बागानच्या पाठीराख्यांना तीन अक्षरे काढता आली, कारण त्यांची गॅलरी कधी रिकामी झाली नव्हती. आपल्या जुन्या संघांबाबत प्रश्न आपल्यालाच विचारायला हवा. धेंपो २०२४-२५ च्या हंगामात आय-लीगमध्ये परतला. गोवा प्रोफेशनल लीगचे सामने म्हापशाच्या धुळेर मैदानावर होत असतात. आपल्यापैकी किती जण शेवटचे तिथे कधी गेलो होतो?

येत्या हंगामात एखाद्या संध्याकाळी मुलांना घेऊन जरूर जावे. त्यांनी नारिंगी जर्सी घातली असली तरी हरकत नाही. साळगावकरची हिरवी जर्सी कोणती, चर्चिलची लाल कोणती आणि आपल्या घरात कुणाचे कुणाशी त्यावरून वाजायचे, एवढे त्यांना सांगावे म्हणजे झाले.