गिझर चालू ठेवावा की बंद करावा?

डिसेंबर-जानेवारीत पोंभुर्णा, मूल, चंद्रपूर या पट्ट्यात पहाटेचा पारा दहा अंशांच्या आसपास घुटमळतो. ताडोबाच्या पहिल्या सफारीला निघालेले पर्यटक अंधारातच आंघोळीला गरम पाणी मागतात. दहा-अकराच्या सुमारास उघड्या जिप्सीतून धुळीने माखून परतले की त्यांना पुन्हा गरम पाणी हवे असते. मधल्या पाच-सहा तासांत गिझर चालू राहू द्यावा की बंद करावा, हा प्रश्न होमस्टे चालवणाऱ्याला रोज पडतो आणि घरच्या गृहिणीलाही. ‘गार पाणी पहिल्यापासून तापवायला जास्त वीज लागते, त्यापेक्षा गिझर चालूच बरा,’ असे अनेक जण ठामपणे सांगतात.

भौतिकशास्त्राचा हिशोब याच्या उलट आहे.

एक लिटर पाण्याचे तापमान एका अंशाने वाढवायला सुमारे ४.१९ किलोज्यूल ऊर्जा लागते. २५ लिटरच्या गिझरमधले २० अंशांचे पाणी ६० अंशांवर न्यायचे, तर जवळपास १.१६ युनिट वीज खर्च होते. दोन हजार वॉटची कॉइल हे काम ३५ मिनिटांत उरकते. एवढ्या पाण्यात तेवढेच गार पाणी मिसळले की आंघोळीजोगे ५० लिटर पाणी तयार होते. हा खर्च कोणालाच टळत नाही. पाणी रात्री तापवा की पहाटे, तो तेवढाच येतो.

टळतो तो दुसरा खर्च. तापलेली टाकी शांत बसत नाही. आतले पाणी आणि बाहेरची हवा यांच्या तापमानात जेवढा फरक, तेवढ्या वेगाने उष्णता टाकीच्या भिंतीतून निसटत राहते. न्यूटनने १७०१ साली मांडलेला थंड होण्याचा नियम तो हाच. गिझरवरच्या ताऱ्यांचा आधारही हीच गळती आहे. पाणी भोवतालच्या हवेपेक्षा ४५ अंशांनी जास्त गरम ठेवले, तर २४ तासांत किती वीज नुसती वाया जाते, ते मोजून ऊर्जा दक्षता ब्युरो तारे देते. जितके तारे जास्त, तितकी गळती कमी. हिशोबासाठी २५ लिटरच्या टाकीची ही गळती दिवसाला एक युनिट धरू.

घरी सकाळी सहाला सगळ्यांच्या आंघोळी उरकल्या आणि बटण चालूच राहिले, तर टाकीत शिरलेले गार पाणी लगेच तापते. त्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते कोणीही वापरत नाही, पण थर्मोस्टॅट कॉइलला पुन्हा पुन्हा जागे करून गळती भरून काढत राहतो. बटण बंद असेल तर दिवसभर टाकीत गार पाणीच असते. गार पाण्यातून निसटायला उष्णताच नसते. दुसऱ्या दिवशी पहाटे ३५-४० मिनिटे गिझर लावला की काम भागते. दिवसाचे एक युनिट वाचते. दहा खोल्यांच्या रिसॉर्टमध्ये हीच बचत दिवसाला दहा युनिट होते. पर्यटक दहा-अकराला परतणार असले, तरी मधल्या पाच-सहा तासांची गळती अशीच वाचते.

टाकी भरलेली आणि तापलेली असतानाच गिझर बंद केला तर? चांगल्या आवरणाच्या टाकीत पाणी पटकन निवत नाही. वर धरलेल्याच गळतीने हिशोब केला, तर ६० अंशांवर तापवून संध्याकाळी बंद केलेल्या गिझरमध्ये, खोलीत १५ अंशांची थंडी असली तरी, बारा तासांनी ४५ अंशांच्या आसपासचे पाणी मिळते. म्हणजे पहाटे लवकर निघणाऱ्याने रात्रभर गिझर चालू ठेवण्याचीही गरज नाही.

विदर्भाच्या जुन्या घरांतल्या तांब्याच्या बंबाला ही शिस्त आपोआपच होती. मधल्या नळीत लाकडे पेटवायची, वरून गार पाणी ओतायचे आणि तोटीतून गरम पाणी काढायचे. आंघोळी संपल्या की विस्तवही विझायचा. जंगलालगतच्या गावांत आजही आंघोळीचे पाणी तापवायला जळाऊ लाकूड लागते, आणि ते वेचायला जंगलात शिरणाऱ्या बायांची वाघाशी गाठ पडते. म्हणूनच वाइल्डलाइफ कॉन्झर्व्हेशन ट्रस्ट या संस्थेने चंद्रपूर जिल्ह्यातल्या अशा गावांत कमी लाकडात पाणी तापवणारे सुधारित बंब पोहोचवले. पाणी तापवण्यातली काटकसर इथे थेट जिवाशी जोडलेली आहे.

विजेचेही तसेच. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता २९२० मेगावॉट आहे, आणि कोळशापासून एक युनिट वीज करायला साधारण सहाशे-सातशे ग्रॅम कोळसा जाळावा लागतो. रिकाम्या खोलीत चालू राहिलेला गिझर हा कोळसा जाळतो, आणि त्याची राख व धूर याच जिल्ह्याच्या वाट्याला येतात.

गिझर चालू की बंद, हा प्रश्न चाकांवरच्या घरातही आहे. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. परदेशात अशा गाड्यांमध्ये बहुधा सहा गॅलन, म्हणजे सुमारे २३ लिटरची टाकी असते आणि ती विजेवर किंवा प्रोपेन गॅसवर तापते. १४४० वॉटच्या कॉइलला तेवढे पाणी २० वरून ६० अंशांवर न्यायला पाऊण तास पुरतो. मुक्कामात बाहेरून वीज मिळत असली, तरी तिथेही वापराआधी तापवणे आणि मग बंद करणे हेच शहाणपणाचे. टाकी रिकामी असताना मात्र बटण चुकूनही दाबू नये. पाण्याशिवाय तापलेली कॉइल काही क्षणांत जळते.

बंद ठेवण्याला एक मर्यादा आहे. लेजिओनेला हे जिवाणू २० ते ४५ अंशांच्या साचलेल्या पाण्यात वाढतात. १९७६ मध्ये फिलाडेल्फियातल्या एका अधिवेशनात त्यांनी न्यूमोनियाची साथ पसरवली आणि पुढल्या वर्षी शास्त्रज्ञांनी त्यांना ओळखले. ६० अंशांवर ते मरतात. म्हणून काटकसरीपायी थर्मोस्टॅट ४५ वर आणून ठेवू नये. अनेक दिवस बंद असलेल्या खोलीतली टाकी आधी रिकामी करून, ताज्या पाण्याने भरून ६० अंशांपर्यंत तापवावी आणि मगच पाहुण्याला द्यावी. दुसऱ्या टोकाला, पाणी ६० अंशांच्या फार वर तापवले, तर बोअरच्या जड पाण्यातले क्षार कॉइलवर भराभर साचतात.

तेव्हा हिवाळ्यात थर्मोस्टॅट ६० अंशांवर ठेवा, आंघोळीच्या ३५-४० मिनिटे आधी गिझर लावा आणि नळ उघडण्यापूर्वी बटण बंद करा. त्यामुळे आत येणारे गार पाणी विनाकारण तापत नाही आणि विजेचा धोकाही कमी होतो. बाथरूमच्या वायरिंगला अर्थिंग आणि विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा ईएलसीबी असल्याची खात्री इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. गॅस गिझर असेल तर तो बंद बाथरूममध्ये कधीही बसवू नका, कारण त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आणि एप्रिल-मे महिन्यांत, चंद्रपूरच्या उन्हाने गच्चीवरची टाकीच तापलेली असताना, गिझरचे बटण दाबूच नका.