यॉर्क शहरांतील रस्त्यांचीं नांवें

इंग्लंडच्या उत्तर भागांतील यॉर्क हें एक तटबंदीचें पुरातन नगर आहे. त्याचा नकाशा पुढें ठेवला असतां मराठी वाचकास प्रथमच एक गोष्ट चमत्कारिक वाटते. मिकलगेट, स्टोनगेट, कॉपरगेट, गुड्रमगेट अशीं 'गेट' या शब्दानें संपणारीं नांवें तेथें पावलोपावलीं आढळतात. गेट म्हणजे वेस किंवा दरवाजा अशी आपली समजूत असल्यामुळें या एका शहरास इतके दरवाजे कशास हवे होते, असा प्रश्न सहज मनांत येतो. परंतु यांपैकीं एकहि दरवाजा नव्हे. हे सर्व रस्ते आहेत. तटाच्या ज्या खऱ्या वेशी आजहि उभ्या आहेत, त्यांस तेथील लोक 'बार' म्हणतात. मिकलगेट बार म्हणजे मिकलगेट नामक रस्त्याच्या तोंडाशीं असलेली वेस.

या कोड्याचा उलगडा इतिहासांत सांपडतो. रोमन सैन्यानें इ. स. ७१ च्या सुमारास येथें छावणी वसविली. तिचें नांव एबोराकम. रोमन गेल्यानंतर आलेल्या अँग्लियन लोकांनीं त्याचें एओफर्विक केलें. इ. स. ८६६ मध्यें डेन लोकांच्या सैन्यानें शहर जिंकलें व त्यांच्या तोंडीं तें योर्विक झालें. इ. स. ९५४ मध्यें तेथील शेवटचा नॉर्स राजा एरिक यास हांकून देण्यांत आलें. म्हणजे हें परकी राज्य मोडतोड होत सरासरी नव्वद वर्षें टिकलें. त्या राज्यकर्त्यांच्या जुन्या नॉर्स भाषेंत 'गाटा' म्हणजे रस्ता. राज्य गेलें, परंतु हा शब्द तेथेंच राहिला. 'मिकल' म्हणजे थोर. म्हणून मिकलगेट म्हणजे थोरला रस्ता. गुड्रमगेट या नांवांत गुथ्रम हें नॉर्स व्यक्तिनाम आहे.

अशा नांवांचा अर्थ केवळ कानावर भिस्त ठेवून लावूं गेल्यास फसगत होते. कॉपरगेट हें याचें उत्तम उदाहरण होय. पुण्यांतील तांबट आळी ज्यास ठाऊक आहे, तो कॉपरगेट ऐकतांच तेथें तांब्याचीं भांडीं घडविणारे राहत असले पाहिजेत असें म्हणेल. तर्क सयुक्तिक आहे. पण खोटा आहे. नांवाचा पूर्वभाग नॉर्स 'कोप्पारी' या शब्दापासून निघाला असून त्याचा अर्थ लांकूड कातून पेले व वाडगे करणारा कातारी असा आहे. इ. स. १९७६ ते १९८१ या काळांत या रस्त्यावर उत्खनन झालें, तेव्हां दहाव्या शतकांतील लांकडी घरांच्या अवशेषांबरोबर कातलेलीं भांडीं व कातकामांत उरलेले लांकडाचे गाभे सांपडले. शब्दानें दिलेली साक्ष भूमीनें अशी पक्की केली. त्याचप्रमाणें कोनी स्ट्रीट. 'कोनी' हा सशाचा जुना इंग्रजी पर्याय आहे. परंतु या रस्त्याचा सशांशीं कांहींएक संबंध नाहीं. जुन्या लेखांतील रूपावरून तो 'राजाचा रस्ता' ठरतो.

तरी येथें एक सावधगिरी बाळगिली पाहिजे. नांवाच्या शेवटीं 'गेट' आहे, एवढ्यावरून तें डेन लोकांच्या अमदानींतील ठरत नाहीं. हा शब्द उत्तरेकडील इंग्रजींत मुरला व पुढेंहि नव्या रस्त्यांस लागत राहिला. डेव्हीगेट हें नांव बाराव्या शतकांत राजाच्या मांसकोठारावर अधिकारी असलेल्या डेव्हिड याच्यावरून पडलें. आणि डीनगेट हा रस्ता तर १९०३ सालचा आहे! उलटपक्षीं, स्टोनगेट हें नांव मध्ययुगीन असलें तरी तो रस्ता रोमन छावणीच्या मुख्य मार्गाच्या रेषेवरच जातो. नांवाचें वय व रस्त्याचें वय या दोन भिन्न गोष्टी आहेत.

या सर्वांत ज्यूबरगेट हें नांव अधिक विचार करावयास लावणारें आहे. त्याचें मूळ रूप 'ब्रेटगेट', म्हणजे ब्रिटन लोकांचा रस्ता. ज्यांच्या भूमींत अँग्लियन व त्यांच्यामागून डेन आले, त्या मूळच्या लोकांची ही आठवण. पुढें त्याच्या आरंभीं ज्यूवाचक अक्षर जोडलें गेलें. इ. स. ११९० च्या मार्च महिन्यांत यॉर्कच्या राजदुर्गांत आश्रय घेतलेल्या ज्यूंना जमावानें वेढा घातला. त्यांतील बहुतेकांनीं आपल्या हातानें मरण पत्करलें, उरलेले मारले गेले. मृतांची संख्या सुमारे १५० सांगतात. इ. स. १२९० मध्यें पहिल्या एडवर्ड राजानें संपूर्ण देशांतूनच ज्यूंना घालवून दिलें. त्यानंतर शतकानुशतकें त्या शहरांतील लोक, बहुधा अर्थ न जाणतां, त्या नाहींशा झालेल्या शेजाऱ्यांचें नांव रोज उच्चारीत राहिले. राजाज्ञेनें माणसें गेलीं. अक्षर गेलें नाहीं.

बखरी व सनदा राजांच्या आणि धर्माधिकाऱ्यांच्या हालचाली सांगतात. कातारी कोठें बसत, परकी लोकांची वस्ती कोणत्या गल्लींत होती, हें सांगण्याचें काम पुष्कळदां रस्त्याच्या नांवावरच येऊन पडतें. म्हणून त्या साक्षीदाराची उलटतपासणी तितक्याच काळजीनें झाली पाहिजे. नांवाचें सर्वांत जुनें लिखित रूप, तें ज्या भाषेंतील असेल त्या भाषेंतील अर्थ, आणि प्रत्यक्ष भूमीचा पुरावा, या तिहींचा मेळ बसेल तेथेंच व्युत्पत्ति ग्राह्य धरावी. आपल्याकडील पेठा, आळ्या व वाड्या यांच्या नांवांचा विचार करतांनाहि हीच कसोटी लाविली पाहिजे. कारण ऐकतांच पटणारी व्युत्पत्ति एकदां रूढ झाली, म्हणजे तिच्याखालीं खरी हकीकत कायमची दडपली जाण्याचें भय असतें.